चिचबोडीचा तलाव सांडला होता का?

१

पोळ्याच्या सकाळी चिचबोडीच्या तलावाचं पाणी हातभर उतरलेलं सापडलं.

हातभर म्हटलं की शहरातल्या माणसाला काही वाटत नाही. चिचबोडीत त्या हातभर पाण्यानं पाटाखालचे बांध फोडले, नुकता रोवलेला धान चिखलासकट ओढून नेला, आणि मच्छीमार सोसायटीनं पोटाला चिमटा घेऊन टाकलेलं मत्स्यबीज नाल्याला लावलं. तुडुम कुणीतरी उघडलं होतं. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतली दगडी मोरी. तिला लाकडी डट्टा असतो, आणि डट्ट्याला पाण्याबाहेर येणारा लांब दांडा. दांडा वर ओढला की पाणी पाटात सुटतं. तो ओढायचा मान गावात एकाच माणसाचा, म्हाताऱ्या दादाजी मेश्रामचा. म्हणून सगळ्या गावानं त्यालाच धरलं.

मी माधवी खोब्रागडे, चिमूरच्या कोर्टात वकिली करते. तापट म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. सणाच्या दिवशी कुणी दार वाजवलं की माझं डोकं फिरतं. पण दारात दादाजीची लेक रीता उभी होती, आणि तिच्या तोंडाकडे पाहून मी गुपचूप बाजूला झाले.

"वकीलबाई, उद्या तान्ह्या पोळ्याले मीटिंग आहे," ती म्हणाली. "बाबाले सोसायटीतून काढून राह्यले. तलावावर पायसुद्धा ठेवू देनार नाई म्हनते."

"काऊन पण? एवढ्या वर्षांचा राखणदार तो!"

"म्हनते, तुह्या बापानं जुव्यासाठी तलाव ईकला."

२

रीता ज्याला जुवा म्हणत होती त्याला त्या कंपनीचे लोक 'अंदाजांचा बाजार' म्हणतात. ॲपचं नाव 'हो-ना'. हे सगळं अशा ॲपांवर बंदी यायच्या आधीच्या पावसाळ्यातलं. अमुक गोष्ट होईल का? हो किंवा ना, बटण दाबा, पैसे लावा. आधी क्रिकेट होतं, मग निवडणुका आल्या, मग पाऊस. मोहर्ली गेटवर आज वाघीण दिसेल का, यावरसुद्धा लोक लावायचे. वाघिणीला कुणी विचारलं होतं देव जाणे!

या ॲपनं पोळलेल्या लोकांची माझ्याकडे रांग लागली होती. वरोऱ्याचा एक अडत्या पावसावर जिंकला, तर ॲपनं पाऊस मोजला दुसऱ्याच तालुक्यात. चिमूरचा सलूनवाला झिंगू लागोपाठ जिंकायला लागला, तर त्याचं खातं 'तपासणीत' टाकलं. हरणाऱ्याची तपासणी कधीच होत नाही, बरं का! तक्रार करावी तर माणूस भेटत नाही. 'सखी' नावाचं यंत्र गोड बोलतं, "आपली भावना आम्हाला समजते." डोंबलाची भावना! दुसरं ॲप वापरा म्हणावं तर दुसरं उरलंय कुठं? लहानसहान सगळी यांनीच गिळून टाकलेली. मी नोटिसा पाठवून थकले. उत्तर एकच यायचं, निकाल अंतिम.

त्या पावसाळ्यात ॲपवर प्रश्न आला होता, 'पोळ्याचा दिवस उजाडायच्या आत चिचबोडीचा सांडवा वाहील का?' सांडवा म्हणजे तलाव भरला की जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा. तिच्यासमोर कंपनीनं दिव्याच्या खांबावर कॅमेरा टांगला. त्याचं चित्र ॲपवर दिवसरात्र चालू, कोपऱ्यात लाल अक्षरांत 'थेट'. शिवाय गावातला एक साक्षीदार नेमला, माजी सरपंच खुशाल वाढई. कॅमेरा आणि साक्षीदार, दोघं म्हणतील तो निकाल. साक्षीदारानं मात्र स्वतः लावायचं नाही, असा नियम.

तलाव डोळ्यांदेखत भरत होता. गावानं एकजात 'हो' लावलं. मग पोळ्याच्या सकाळी पाणी उतरलेलं दिसलं आणि ॲपनं निकाल दिला, 'ना'. मोठ्या रकमा लावणाऱ्यांची नावं ॲपवर सगळ्यांना दिसतात. तिथं 'ना'खाली चिचबोडीचं एकच नाव चमकत होतं.

दादाजी मे.

३

मी स्कूटर काढली. गावात बैल सजले होते, शिंगांना बेगड लागला होता, तोरण बांधलेलं होतं, पण माणसांची तोंडं सुतकी. तलावाच्या पाळीवर दादाजी गुडघ्यात मान घालून बसला होता.

"दादाजी, ॲपवर तुम्ही लावलं?"

त्यानं खिशातून बटणांचा फोन काढून माझ्यापुढे धरला. "यात ॲप घुसते का, बाई? घुसत असंन तं तुमीच घुसवून दाखवा."

"मग तुमच्या नावाचं खातं कसं निघालं?"

"आधारकार्ड त्या मोबाईलवाल्या अमरनं नेलतं. सोसायटीचा विमा काढाचा म्हने."

"आणि रात्री तुम्ही कुठं होता?"

"तापानं फनफनलो होतो. रीतानं घराबाहेर पाय काढू देला नाई." त्यानं फोन परत खिशात घातला. "पन ते तं माही लेक आहे. तिचं कोन आयकते?"

खरं होतं. लेकीच्या साक्षीला गावात कोण विचारतो!

मी तुडुमापाशी गेले. पहाटे दादाजीनंच तापल्या अंगानं पाण्यात उतरून वाळूच्या पोत्यांनी मोरी बुजवली होती. उपटलेला दांडा बाजूच्या गवतात पडला होता. पोलीस येतील तर पाहतील म्हणून त्यानं त्याला हात लावला नव्हता आणि कुणाला लावूही दिला नव्हता. पोलीस सणाच्या दिवशी कशाला येतात! मी दांडा उचलला आणि तो हातातून सटकला. वरच्या टोकाला, पकडायच्या जागी, काहीतरी चिकट, पिवळं लागलेलं होतं. रात्रीच्या पावसानंही ते गेलं नव्हतं. मी हात नाकाशी नेला, मग दांडा पोत्यात गुंडाळून रीताच्या हवाली केला.

"जीव गेला तरी कुणाला देऊ नको," मी म्हणाले.

तिथून अमरकडे. अमरचं बस थांब्यावर मोबाईलचं दुकान. गावातल्या सगळ्यांना 'हो-ना'ची खाती यानंच काढून दिलेली. खात्यामागं कमिशन मिळायचं त्याला. कॅमेऱ्याची देखभालही त्याच्याकडेच.

"दादाजीचं खातं कुणी काढायला लावलं रे?"

"मी लय खाते काढले, मॅडम. मले का याद राह्यते?" तो माझ्याकडे न पाहताच बोलत होता.

"काल संध्याकाळी बैलांच्या खांदेमळणीला तू कुणाकडे होतास?"

"आमच्याकडं बैल कुठी? बाप ट्रक चालवते. मी दुकानातच झोपलो." मग घाईघाईनं त्यानं फोन पुढे केला. "हे रातचं रेकॉर्डिंग पाहा न. सांडवा कोरडा आहे. कंपनीचा निकाल बरोबर आहे."

मी पाहिलं. सांडव्याच्या दगडी कडेवरून पाण्याची धारसुद्धा नाही, वर खांबावरचा दिवा लख्ख, कोपऱ्यात लाल 'थेट'. कुठे खोट काढावी असं काही दिसेना. दादाजीचा जीव वाचवायला निघालेली मी, आणि पुरावा उलट त्याचा गळा आवळणारा.

४

खुशाल वाढईच्या अंगणात गावातली सगळ्यात देखणी जोडी बांधलेली होती. हा माणूस गावात वजनदार. बोलणं हळू, हसणं मापात.

"या वकीलबाई, सनाच्या दिवशी आल्या, पुरनपोळी खाल्ल्याबिगर जाऊ देनार नाई."

"आधी बैलांचं कौतुक करू द्या. खांदे काय चोळलेत!"

तो खुलला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात, वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना तेवढाच आराम. ज्याच्या घरी बैल त्याच्या घरी हे होणारच.

"माह्या बैलाले मी दुसऱ्याचा हात लावू देत नाई," खुशाल म्हणाला. "गडी बाजूले उभा राह्यते. पोळ्याच्या जेवनाचं आवतन बैलाले मी देतो, खांदे मीच मळतो."

"दादाजीबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"बुढ्याचं वाईट वाटते हो. पन लालच वाईट. तलाव सांडू नये म्हनून तुडुम उघडलं त्यानं. त्याचं नाव तं साऱ्या देशानं पाह्यलं."

"सांडवा खरंच वाहिला नव्हता?"

"मी साक्षीदार आहो, बाई. घरी बसून साक्ष देत नाई. पाऊस थांबल्यावर मी सोता सांडव्यावर गेलो. खांबाचा दिवा जळून राह्यला होता, त्याच्या उजेडात चांगलं पाह्यलं. पानी कडेच्या खालीच होतं. कंपनीले तसं बोलून पाठवलं मी, व्हिडिओत."

"आणि तिथून तुडुमाकडे नाही गेलात?"

"तुडुम पाळीच्या दुसऱ्या टोकाले. तिकडं मी काऊन जाईन?"

मला त्याच्यावर बोट ठेवायला जागा सापडेना. शहाणा माणूस, घरंदाज माणूस, आणि ॲपवर त्याचा रुपयाही नाही. पुरणपोळी मात्र मी खाल्ली नाही. चहावर भागवलं.

निघताना फाटकाशी सोसायटीचा अध्यक्ष दसरू आडवा आला. त्याचंच बीज सगळ्यात जास्त वाहून गेलेलं. तो बोलला कसला, भुंकलाच.

"वकीलबाई, उद्या तुमी कायदा सांगाले येऊ नोका. बुढ्याचा फैसला झाला आहे. आमचे लेकरं उपाशी मरनार अन् तो 'ना'चे पैसे मोजनार?"

"फैसला झाला असेल तर मीटिंग कशाला घेता? मला पाहायला यायचंच आहे."

"याच मंग!" तो म्हणाला. "दादाजीचं सामान उचलाले एक मानूस लागनच."

५

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी परत गेले, या वेळी सांडव्याकडे. तिथं एकच झोपडी, गिरजाबाईची. नवरा वारलेला, मुलगा हैदराबादला कामाला. झोपडीतून तळलेल्या मासोळीचा वास येत होता. तान्हा पोळा म्हणजे सणाची कर, त्या दिवशी आमच्या मुलखात चुलीवर वशाट चढतंच. त्यात नवल नव्हतं. पण सोसायटीचं बीज वाहून गेलेलं, बाजार बंद, मग गिरजाबाईला ताजी मासोळी मिळाली कुठून?

मला पाहताच तिनं घमेल्यावर सूप झाकलं.

"काय झाकता, गिरजाबाई?"

"काई नाई. तुमी कोन?"

मी जाऊन सूप उचललं. घमेल्यातल्या पाण्यात बोटभर लांबीचे कटले वळवळत होते. जिवंत.

"हे कुठचे?"

ती रडायलाच लागली. "दंड नोका लावू बाई. सोसायटीच्या मासोळीले हात लावला का गावात पंचाईत बसते. पन त्या मरूनच राह्यल्या होत्या. सांडव्याखालच्या डबक्यात तडफडत होत्या, पोळ्याच्या पहाटे. मी येचल्या. दुसऱ्यानं कोनी येचल्या असत्या."

सांडव्याखालची ती जागा उघड्या खडकाची, तिथं एरवी गाई बसतात. पावसाचं पाणी साचेल तिथं, पण पावसातून कटला पडत नाही. आणि तुडुमाचा पाट पाळीच्या दुसऱ्या टोकाला, तिकडून सुटलेला मासा इथं यायचा नाही.

"गिरजाबाई, त्या रात्री काय ऐकलं?"

"पानी धो धो पडून राह्यलं होतं सांडव्यावरून. मंग पहाटपावेतो बंद झालं. दिसलं काई नाई. दिवेलागनीपासूनच लाईन गेलती न साऱ्या गावाची! काळाकुट्ट अंधार. चिमनी लावून बसली होती मी."

लाईन गेली होती! आणि रेकॉर्डिंगमध्ये दिवा लख्ख!

माझं डोकं भडकलं. "एका म्हाताऱ्याचं नाव बुडून राहिलंय आणि तुम्ही मासे तळत बसल्या?"

गिरजाबाईनं डोळे पुसले आणि ताडकन उत्तर दिलं, "तुमाले बोलाले का जाते? तुमी चिमूरले जान घरी. मले इथीच राह्याचं आहे, त्या दसरूसमोर, त्या खुशालभाऊसमोर."

तिचं खोटं नव्हतं. मी आवाज खाली आणला. "दंड झाला तर तुमच्या बाजूनं मी भांडेन, फुकट. पण आज घमेलं घेऊन माझ्यासोबत चला."

मग तिनं तवा उतरवला, पदर खोचला आणि घमेलं डोक्यावर घेतलं.

वाटेत मी झिंगूला आणि वरोऱ्याच्या अडत्याला फोन करून मीटिंगला बोलावलं, आणि कंपनीला एक संदेश टाकला: 'चिचबोडीत त्या रात्री वीज नव्हती. तुमच्या थेट चित्रात दिवा कसा जळतो? उत्तर आजच हवं.'

या वेळी 'सखी'ला माझी भावना समजली नाही. गप्पच बसली.

६

शाळेच्या पटांगणात गाव जमलं होतं. लहान पोरं लाकडी बैल घेऊन बाहेर फिरत होती, आत मोठी माणसं एका म्हाताऱ्याला घेरून बसली होती. दादाजी मधोमध जमिनीवर. दसरू ठराव मांडायला उभा राहिला तसा मी म्हणाले, "थांबा. आधी साक्षीदाराची साक्ष गावानं ऐकलेली नाही. ॲपनं ऐकली. खुशालभाऊ, कंपनीला जे सांगितलं तेच इथं सांगा."

खुशाल उभा राहिला. "काय सांगाचं आहे? सांडवा कोरडा होता."

"कशावरून?"

"सोता पाह्यला."

"कशाच्या उजेडात? कंपनीला काय सांगितलं तुम्ही? व्हिडिओ आहे त्यांच्याकडे, फिरवू नका."

तो अडखळला. गावापुढे दिवा म्हणावं तर अडचण, दिवा नव्हता म्हणावं तर कंपनीपुढची साक्ष खोटी. मी त्याला वेळच दिला नाही. "काल मला म्हणालात ना? खांबाचा दिवा जळत होता?"

"हो... जळत होता."

मग मागून एका बाईचा आवाज आला, "अगा बाप्पा! लाईन तं सांजेपासूनच नोती! खांदेमळन आमी कंदिलावर केली!" आणि एकदम गलका उसळला.

"गप्प बसा, ऐका!" मी ओरडले. माझा आवाज कोर्टात गाजलेला आहे. "लाईट गेली आणि कॅमेरा बंद पडला. पण ॲपनं तसं सांगितलं नाही. कॅमेरा बंद पडला की ते जुनं चित्र फिरवत ठेवतात आणि वर 'थेट' लिहितात. अमर, खरं की खोटं?"

अमरनं मान खाली घातली. "खरं आहे. बंद दिसलं तं लोक पैसे लावाचे थांबते म्हनून कंपनीनंच तसं ठेवलं आहे."

"खुशालभाऊंना हे ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं होतं त्यायले."

"म्हणून साक्ष त्या जुन्या चित्राशी जुळवावी लागली, दिव्यासकट. आता गिरजाबाई, घमेलं खाली ठेवा."

गिरजाबाईनं ठेवलं. दसरू वाकला, एक कटला हातात घेतला आणि त्याचा चेहराच उतरला. सोसायटीचं बीज त्याला ओळखायला वेळ लागला नाही.

"हे सांडव्याखाली सापडले," मी म्हणाले. "म्हणजे तलाव सांडला होता. उजाडायच्या आत सांडला होता. तुम्ही सगळे 'हो'वाले जिंकला होतात! तुडुम उघडलं ते तलाव सांडू नये म्हणून नाही. सांडलेला दिसू नये म्हणून उघडलं. सकाळी तुम्ही आलात तेव्हा सांडवा वाहत असता तर साक्षीदाराचं खोटं चाललंच नसतं."

"पन 'ना' तं दादाजीनंच लावलं होतं!" दसरू म्हणाला, पण पहिला जोर राहिला नव्हता.

मी रीताला खूण केली. तिनं पोत्यातून दांडा काढला.

"ज्यानं हा ओढला त्याचे हात इथं उमटलेत. पिवळं काय आहे? हळद. पुसलं का जात नाही? तूप आहे त्यात. पूजेची हळद कोरडी असते. हळद आणि तूप एकत्र त्या संध्याकाळी कुणाच्या हाताला होतं? ज्यानं बैलांचे खांदे मळले त्याच्या. दादाजीकडे बैल आहेत? ढिवराच्या घरी जाळं असतं. अमरकडे बैल आहेत? नाहीत."

"बैल तं आर्ध्या गावाकडं आहेत," खुशाल म्हणाला. आवाज अजून हळूच होता.

"बरोबर. म्हणून दुसरं विचारा. गावात कुणालाही 'ना' लावायचं असतं तर त्यानं स्वतःच्या नावानं लावलं असतं, कोण अडवत होतं? अख्ख्या गावात दुसऱ्याच्या नावाची गरज एकालाच होती. ज्याला लावायला बंदी होती त्याला. साक्षीदाराला!"

बोलला अमर, रडकुंडीला येऊन. "मले म्हने, बुढ्याचं कार्ड घेऊन ये, त्याच्या नावानं खातं काढ, फोन मी ठेवतो. गप राह्य, तुले दुसरं दुकान टाकून देतो. मले तुडुमाचं नाई माईत, आईची आन!"

दसरू खुशालच्या अंगावर धावला. चारजणांनी त्याला धरलं. खुशाल फाटकाकडे निघाला, वाटेत कुणी त्याला वाट दिली नाही, त्याला माणसांच्या कडेकडेनं जावं लागलं. पोलिसांत तक्रार मी त्याच दुपारी दिली.

खुशाल फाटकाबाहेर पडला तेवढ्यात माझा फोन वाजला. कंपनी!

७

मी फोन स्पीकरवर टाकला. पहिल्यांदाच यंत्राऐवजी माणूस बोलत होता, साखरेत घोळलेली भाषा.

"मॅडम, चिचबोडीच्या ग्राहकांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. सद्भावना म्हणून 'हो' लावणाऱ्या सगळ्यांना आम्ही जिंकल्याचे पैसे देऊ. आजच."

पटांगणात हालचाल झाली. वाहून गेलेल्या धानाच्या मालकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"अट काय?" मी विचारलं.

"काही नाही. ग्रामस्थांनी एवढंच मान्य करायचं की तलावाच्या राखणदाराच्या चुकीमुळे पाण्याची पातळी बदलली आणि त्यामुळे निकालात गोंधळ झाला. थेट चित्राचा विषय मग काढायचा नाही. सगळ्यांच्या सोयीचं आहे."

पाहा बरं यांचा डाव! ॲपचं खोटं झाकायला त्यांना एक चोर हवा होता, आणि दादाजी आयता बसलेला होता. मी तोंड उघडणार होते. मग उघडलं नाही. पैसे माझे नव्हते, धान माझा नव्हता. हे उत्तर गावानंच द्यायला हवं होतं.

दादाजीनं मान वर केली नाही. रीता मात्र एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती, आणि ज्याच्याकडे पाही तो नजर चुकवत होता. मला वाटलं, गेलं. आता हे लोक विकले जाणार, आणि मी त्यांना दोषही देऊ शकणार नाही.

मग दसरूनं माझ्या हातातला फोन घेतला.

"हॅलो. मी सोसायटीचा अध्यक्ष बोलून राह्यलो. तलाव सांडला. दादाजीनं तुडुम उघडलं नाई. तुमचा कॅमेरा खोटा, तुमचा साक्षीदार चोर. एवढं देशाले सांगता का? सांगत असान तं पैसे पाठवा."

"असं सांगणं शक्य नाही, सर. मग ही ऑफर मागे घ्यावी लागेल."

"घे मांगं! अन् तुहा कॅमेरा बी घेऊन जाय, नाईतर मी तलावात फेकतो. आमच्या तलावाले पानी किती, हे आमी तुले काऊन विचाराव रे?"

कोपऱ्यातून झिंगू ओरडला, "माह्याकडून बी सांग! चिमूरचे आमी सारे वकीलबाईसोबत कोर्टात येऊन राह्यलो!" वरोऱ्याचा अडत्या उठून उभा राहिला. एका बाईनं फोन काढला आणि ॲप पुसून टाकलं, मग दुसरीनं. दसरूनं फोन बंद करून माझ्या हातात दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पैसे सगळ्यांत जास्त त्याचेच गेले होते.

तो दादाजीपुढे जाऊन उकिडवा बसला. "दादाजी, झालं गेलं सोडून देऊ. ठराव फाडून टाकतो मी."

"नाई," दादाजी म्हणाला.

सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता. तो रीताच्या खांद्याला धरून उभा राहिला, तापानं अंग अजून हलत होतं.

"ठराव मांडला होता न? मंग घे मतदान. ज्याले मले तलावावरून काढाचं आहे त्यानं हात वर करा. साऱ्यायच्या समोर. माह्याकडं पाहून."

त्यानं सगळ्या पटांगणावरून नजर फिरवली, पहिल्या रांगेपासून भिंतीशी उभ्या असलेल्या बायांपर्यंत, कुणालाही न सोडता. एकही हात वर गेला नाही. काहीजण रडत होते. त्यानं घाई केली नाही.

"पाह्यलं. आता गावात कोनी म्हनू नये का दादाजीले माफ केलं. माफी मी मांगितलीच नोती." तो दसरूकडे वळला. "लिहून घे ते, अध्यक्ष."

दसरू खाली बसून लिहू लागला, आणि लिहून होईपर्यंत दादाजी तसाच उभा राहिला.